काठाचा रकाना

सुलतानपूर हे लोणार तालुक्यातले, मेहकर-सिंदखेडराजा रस्त्यावरचे गाव. मेहकरला पेनगंगा, तिकडे पश्चिमेला खडकपूर्णा आणि मध्ये उन्हाळ्यात कोरडे पडणारे नाले, असा हा टापू. या नाल्यांना पाणी थोडेच महिने असते. एरवी त्यांचा मार्ग दुरून ओळखायचा तो काठावरच्या करंज, उंबर, अर्जुनसादडा, शिंदी आणि निर्गुडीवरून.

डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार आले आणि नाल्यांचे खोलीकरण हा सरकारी कामाचा भाग झाला. २०१८ मध्ये भारतीय जैन संघटनेने ‘सुजलाम सुफलाम बुलढाणा’ म्हणत जिल्हाभर यंत्रे उतरवली. महामार्गांना मुरूम हवा होता, तो नदी-नाल्यांतून आणि तलावांतून काढला गेला. रस्त्याला भराव मिळाला, पाण्याला जागा. याच मेळाला पुढे ‘बुलढाणा पॅटर्न’ म्हणून नावाजले गेले. विहिरीला पाणी वाढलेल्या माणसापुढे झाडांचे गाऱ्हाणे मांडणे सोपे नाही, हे मला मान्य आहे. तरीही ते मांडायला हवे.

पात्र खोल करताना काठ उभा कापला जातो. उतरत्या काठावर प्रत्येक झाडाची आपली पायरी असते: पाण्यालगत लव्हाळा, वर निर्गुडी, त्याहून वर करंज आणि उंबर. उतार गेला की पायऱ्या गेल्या. वरच्या झाडांची मुळे उघडी पडतात आणि एखाद्या पुरात झाड मातीसकट पात्रात येते. काढलेला गाळ काठावरच टाकला असेल तर त्याखाली लव्हाळा दबतो आणि पुढच्या पावसाळ्यात तोच गाळ परत खाली उतरतो. त्या उकरलेल्या मातीवर पहिली हजर होते ती बेशरम, मग वेडी बाभूळ. लोक याला हिरवळ समजतात. पण बेशरमीला गुरे तोंड लावत नाहीत.

प्रा. एच. एम. देसरडा यांनी जलयुक्तच्या अशास्त्रीय कामांविरुद्ध उच्च न्यायालयात धाव घेतली, त्यातून माजी मुख्य सचिव जॉनी जोसेफ यांची समिती आली. वाद मुख्यतः भूजलाचा झाला. साहजिकच आहे, साठा मोजता येतो. काठाला मोजमाप-पुस्तकात रकानाच नाही.

शेतकऱ्याची बाजूही नुसती हावरटपणाची नाही. धुऱ्यापर्यंत नांगर जातो हे खरे. पण नाल्याच्या दाट झुडपात रानडुकरे बसतात, रोही दबा धरतात आणि रात्रीतून हरभरा साफ करतात. त्याला ‘काठाची जैवविविधता जपा’ असे शहरातून सांगणे म्हणजे शुद्ध आगाऊपणा. वर सावलीने पीक मरते ते वेगळेच. म्हणून सरसकट झाडोरा वाढू देणे हा उपाय नव्हे. खाली लव्हाळा आणि वर अंतराने खोड मोकळे ठेवलेले करंज-अर्जुन, असा काठ माती धरतो आणि डुकरांना आडोसाही कमी देतो.

मोठ्या नदीवर यात आणखी एक गाठ आहे, ती धरणाची. कॅनडात अल्बर्टा प्रांतातल्या सेंट मेरी नदीवर १९५१ मध्ये धरण झाले आणि खालच्या काठावरचे कॉटनवुड वृक्ष झपाट्याने घटले. शेजारच्या ओल्डमन नदीवर १९९५ च्या पुरानंतर मात्र पाणी मुद्दाम हळूहळू उतरवले गेले. उतरत्या ओलीमागे रोपांची मुळे खाली जाऊ शकली. आपल्या पेनगंगेवरच्या पेनटाकळी धरणाचे दरवाजे उघडताना-मिटताना असा विचार करायला पैसा लागत नाही, फक्त कुणीतरी तो सांगायला हवा.

लहान नाल्यांवर पेच मालकीचा आहे. सातबाऱ्यावर ओढ्या-नाल्याखालची जमीन पोटखराब्यात धरली जाते. तिथे लावलेल्या करंजाच्या बिया कोण वेचणार, वाळलेली फांदी कोण नेणार, हे ठरलेले नसेल तर शेजारचा शेतकरी रोपाला पाणी कशाला घालील? ग्रामसभेने हा हक्क लगतच्या शेतकऱ्याला लेखी द्यावा, बदल्यात काठावर नांगर न घालण्याचे त्याच्याकडून लिहून घ्यावे, आणि पुढच्या खोलीकरणाच्या अंदाजपत्रकात उतार राखण्याचा खर्च धरल्याशिवाय यंत्र नाल्यात उतरू देऊ नये.