शिक्षणाचे ऋण फेडायचे कोणाला?



पदवीचा निकाल लागला की आपल्या घरांत दोन प्रश्न उभे राहतात. पुढे काय शिकायचे, आणि पैसे कोठून आणायचे? आज आपण तिसऱ्या प्रश्नाचा विचार करू या. तो सहसा कोणी विचारत नाही. हे पैसे फेडायचे कोणाला?

कर्जाच्या बाबतीत उत्तर सोपे वाटते. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागत नाहीत. त्यापुढे बहुधा घर किंवा ठेव तारण ठेवावी लागते. अभ्यासक्रम संपून साधारण वर्ष होईपर्यंत हप्ता नसतो, व्याज मात्र पहिल्या उचलीपासून चढत असते. (हे पुष्कळ पालकांच्या फार उशिरा लक्षात येते.) शेवटचा हप्ता भरला, कागदपत्रे परत मिळाली, की आपण मोकळे झालो असे समजतो.

शिष्यवृत्ती तर परत करायचीच नसते. 'गेट' परीक्षेतून एम.टेक.ला गेलेल्या विद्यार्थ्याला दरमहा १२,४०० रुपये मिळतात. ते आपण हुशारीचे बक्षीस मानतो. पण तो पैसा येतो सरकारी तिजोरीतून, आणि साबणाची वडी घेताना कर भरणारी मोलकरीणही त्या तिजोरीत भर घालते. तिचा मुलगा दहावीलाच थांबलेला असतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण येथे आठवते. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेस पाठवले. परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी, अशी अट होती. १९१७ साली ते करार पाळण्यासाठी बडोद्यास गेलेही. पण जातीमुळे त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही आणि नोकरी सोडावी लागली. पुढे प्राध्यापकी करून साठवलेले पैसे, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज यांवर त्यांनी १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठले. कागदावर पाहिले तर करार मोडला. आमच्या मते तो मोडला त्या शहराने. शिकायला पैसे द्यायचे आणि शिकून आलेल्याला उंबऱ्याबाहेर ठेवायचे, हे दान कसले? आणि त्या विद्येची फेड झाली ती वसतिगृहांतून आणि १९४६ च्या सिद्धार्थ कॉलेजातून. ज्यांनी त्यांना एक पैही दिली नव्हती, देऊ शकत नव्हते, त्यांच्या मुलांकडे.

जमशेटजी टाटांनी १८९२ साली परदेशी शिक्षणासाठी निधी काढला, तोही कर्जाऊ शिष्यवृत्तीचा. एकाने फेडावे, म्हणजे दुसऱ्याला जाता येईल.

आता आपल्या घरात येऊ या. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणाच्या कर्जावर व्याज-सवलत देणारी केंद्राची 'पढो परदेश' योजना २०२२ मध्ये बंद झाली. त्यामुळे सगळा भार पुन्हा राहत्या घरावर येतो. आपल्याला लागू असलेल्या वारसा कायद्याप्रमाणे, मृत्युपत्र नसेल तर मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा. पण वडिलांच्या हयातीत मुलांचा हक्क नसतो. म्हणून थोरल्याच्या एम.एस.साठी वडिलांनी आपल्या नावावरचे घर तारण ठेवले, तर धाकट्या बहिणीची संमती कायदा मागत नाही. कायदा गप्प असला तरी सदसद्विवेकबुद्धी गप्प बसत नाही.

हुशार मुलांना आपण नेहमी तालांताचा दाखला सांगतो. त्या दाखल्यात एक गोष्ट आहे: चाकरांना दिलेले द्रव्य धन्याचे स्वतःचे होते. आपल्या घरी मात्र थोरल्याच्या हाती दिलेल्या तालांतांत धाकट्यांचेही काही असते. मग थोरल्याने बँकेचा हप्ता भरून मोकळे झालो असे कसे म्हणावे? बहिणीचे नर्सिंग, भावाची आय.टी.आय.ची फी हेही त्याच कर्जाचे हप्ते आहेत.

आईवडिलांनाही एक सांगावेसे वाटते. ''तुझ्यासाठी घर गहाण टाकले'' हे वाक्य मुलाचे लग्न किंवा नोकरी ठरवताना वापरू नये. कर्ज दिले म्हणजे मूल विकत घेतले असे होत नाही.

आणि सही करण्यापूर्वी सर्व मुलांना एकत्र बसवून रक्कम, व्याज आणि हप्त्यांची वर्षे सांगावीत. धाकटी बहुधा 'हो'च म्हणेल. तिला 'नाही' म्हणता येत होते का, हे मात्र तिला विचारून घ्यावे.