उसना उजेड

कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत शिरलं की आधी दिवा मालवायचा. मग पडद्यावर निळी केंद्रकं उमटतात आणि आपण बिनदिक्कत म्हणतो, हा डीएनए. डीएनएला मुळात रंग नाही. निळा आहे तो डॅपी, डीएनएला चिकटणारा रंग. तेही पुरतं खरं नाही. डिटेक्टर नुसता प्रकाश मोजतो, निळा रंग सॉफ्टवेअर भरतं.

डॅपी जन्मला जर्मनीत, 1971 साली, ओटो डान यांच्या प्रयोगशाळेत. तिथे ट्रिपॅनोसोमा या परजीवीवर औषध शोधणं चाललं होतं. औषध राहिलं बाजूला, रंग जगभर गेला. डीएनएच्या अरुंद खाचेत, त्यातही अ‍ॅडेनिन-थायमिनच्या जोड्या सलग असतील तिथे तो जाऊन बसतो आणि बसला की सुमारे वीसपट उजळतो. उंदराच्या सेंट्रोमिअरजवळ अशा जोड्यांची रेलचेल, म्हणून त्याच्या केंद्रकात ठळक ठिपके चमकतात; माणसाचं केंद्रक त्यामानाने सपाट. या ठिपक्यांत डीएनए किती आणि डॅपीची आवड किती, हे नुसत्या चित्रावरून सांगता येत नाही. प्रॉपिडियम आयोडाइडला अशी आवडनिवड फारशी नाही, पण तो आरएनएलाही चिकटतो. आधी आरएनेझ हे विकर घालून आरएनए साफ करावं लागतं.

रंगाची निवड मात्र बहुतेक वेळा लेझरच करतो. डॅपीला 358 नॅनोमीटरच्या आसपासचा अतिनील प्रकाश हवा. कॉन्फोकलवर सहसा असतो 405 चा जांभळा. त्यावर तो उपाशी राहत नाही, इतकंच. हिरवा आणि लाल प्रथिनांसाठी मोकळे ठेवायचे तर ड्रॅक5 किंवा टो-प्रो-3 घ्यावा, दूरच्या लाल टोकाचा. पण तो उजेड डोळ्याला जवळजवळ दिसत नाही, आणि आयपीसमधून पेशी हुडकताना चाचपडावं लागतं. जिवंत पेशी असतील तर होख्स्ट 33342. तो पटलातून आत शिरतो.

डोळ्याला दिसणाऱ्या रंगाचा मोह मला एकदा नडला. अतिनील दिव्याखाली डॅपीची केंद्रकं मी बराच वेळ बघत बसलो आणि मग हिरवं चॅनेल लावलं. केंद्रकात माझं प्रथिन! दोन आठवडे हवेत होतो. शेवटी अँटिबॉडी न घालता नुसता डॅपी लावलेली स्लाइड दिव्याखाली धरली. तीही हिरवी झाली. अतिनील प्रकाशात डॅपीचे काही रेणू बदलतात आणि हिरवे चमकू लागतात.

आता हिरवं चॅनेल आधी टिपतो, दिवा नंतर.