दुखणाइतापासून दुखण्याचें नांव लपवावें काय?

आमच्या खेड्यांतील मंडळ्यांत कर्करोग झालेल्या मनुष्याविषयीं एक चाल सर्रास दिसून येते. रोगाचें नांव घरांतील सर्वांस ठाऊक असतें, शेजाऱ्यांस ठाऊक असतें, उपदेशकासही ठाऊक असतें. ज्याच्या देहांत तो रोग आहे त्यास मात्र कोणी सांगत नाहीं. "गांठ आहे, उतरेल," एवढेंच त्याच्या कानीं घालितात. हें प्रीतीनें करितात, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. परंतु या बाबतींत आम्ही स्वतः चुकलों आहों, म्हणून हा प्रश्न वाचकांपुढें ठेवितों.

कांहीं वर्षांपूर्वीं निफाड तालुक्यांतील एका विधवा बाईच्या तोंडांत जखम झाली व ती भरेना. मिश्री लावण्याची तिला फार वर्षांची संवय होती. मुलांनीं तिला नाशिकाहून मुंबईस, परळच्या टाटा रुग्णालयांत नेलें. हें रुग्णालय १९४१ सालीं उघडलें, व तेव्हांपासून गांवोगांवचे कर्करोगी तेथें जात आले आहेत. परत आल्यावर मुलांनीं आम्हांस बजाविलें, "पाळकसाहेब, आईपुढें नांव काढूं नका, ती हाय खाईल." आम्हीं कबूल केलें. पुढें तिनें आम्हांस सरळ विचारिलें, "मला काय झालं आहे?" आम्हीं "साधें गळूं आहे" असें म्हणून लागलीच प्रार्थनेस आरंभ केला. त्या प्रार्थनेची आम्हांस अजून लाज वाटते.

कारण तिला सर्व ठाऊक होतें. परळास येणारे परगांवचे रोगी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेंत उतरतात. तेथें शेजारीं उतरलेल्या एका बाईनें पहिल्याच रात्रीं तिला विचारिलें होतें, "तुमचा कॅन्सर कुठं आहे?" पुष्कळ दिवसांनीं ती आम्हांस म्हणाली, "त्या रात्री मी रडले, ती पण रडली, मग दोघी पेज पिऊन निजलो. घरी आल्यावर मात्र रडायला कोणी राहिलं नाही. पोरांना वाटतं मला ठाऊक नाही, म्हणून मी ठाऊक नसल्यागत वागते."

आई मुलांसाठीं सोंग करी, मुलें आईसाठीं. शेताची वांटणी, धाकटीचें लग्न, वेदना वाढल्यास काय करावें, हे तिच्या मनांतील प्रश्न तसेच पडून राहिले. शिवाय "मिश्रीमुळें मीच हें ओढवून घेतलें" ही टोंचणी होतीच. तंबाखूनें तोंडाचा कर्करोग होतो हें खरें, व तरुणांस तें बजाविलेंच पाहिजे. पण अंथरुणाशीं बसून तो हिशेब काढणें क्रूरपणाचें आहे. ईयोबाचे मित्र सात दिवस व सात रात्री मुकाट्यानें त्याच्याजवळ बसले, तोंवर ते त्याचे मित्र होते. तोंड उघडून त्याचा दोष शोधूं लागले, तेव्हां ते त्यास जड झाले. (कोणी दुखणाइताचें ताट वेगळें ठेवितात. हा रोग स्पर्शानें किंवा एका ताटांत जेवल्यानें लागत नाहीं.)

मग सर्वांस सर्व कांहीं पहिल्याच दिवशीं सांगावें काय? असें आमचें म्हणणें नाहीं. कित्येकांस जाणून घेण्याची इच्छाच नसते, आणि तो त्यांचा अधिकार आहे. त्यानें विचारिलें तेवढेंच सांगावें, सावकाश सांगावें. पण खोटें सांगूं नये. नांव उघड झालें म्हणजे मदतही मागतां येते. वेदना मुकाट्यानें सोसणें यांत कांहीं भक्ति नाहीं. मॉर्फीन हें औषध १९८५ च्या कायद्यामुळें दुर्मिळ झालें होतें; २०१४ सालीं त्यांत दुरुस्ती होऊन वाट कांहींशी मोकळी झाली, तेव्हां डॉक्टरांस निःसंकोच विचारावें. वांद्र्यास १९८६ सालापासून शांति आवेदना सदन आहे. तेथें बरे होण्याची आशा न उरलेल्यांचीही शुश्रूषा होते.

शेवटीं त्या बाईच्या संमतीनें आम्हीं मुलांस खरी गोष्ट सांगितली. त्या सायंकाळीं थोरला ओसरीवर आईपाशीं येऊन बसला. बराच वेळ कोणी बोलेना. मग तीच म्हणाली, "परळला पुन्हा कधी जायचं, तारीख सांग." पुढल्या खेपेस पंचवटी गाडीनें निघतांना धर्मशाळेंतील त्या बाईच्या पेजेसाठीं तिनें तांदळाच्या कण्या बांधून घेतल्या, आणि ती पिशवी थोरल्यानें उचलली.