गळ्यातील माळेची निगा

आज माळेविषयी थोडे बोलू. आणि तेही तिच्या महिम्याविषयी नव्हे, तर तिच्या दोऱ्याविषयी आणि मण्यांविषयी. म्हणाल, महाराजांना दुसरा विषय मिळाला नाही काय? पण ऐका.

काही वर्षांपूर्वी दिवे घाट चढताना आमच्या दिंडीतील एका वृद्ध माउलीची माळ वाढली. पावसाने भिजलेला दोरा, त्याला पदर अडकला, आणि मणी चिखलात पसरले. बाई तिथेच खाली बसल्या. गळ्यात माळ नाही तर पाण्याचा घोट नाही, हा त्यांचा पन्नास वर्षांचा नेम. औषधाची वेळ टळून गेलेली, ओठ सुकलेले, हात कापताहेत; लेक पाण्याचा तांब्या घेऊन रडते आहे. कोणी आपल्याजवळची नवी माळ पुढे केली. बाई म्हणाल्या, "माळ खरी, पण माझ्या गुरूंच्या हातची न्हवं." तेव्हा आमच्या विणेकऱ्यांनी वीणा दुसऱ्याच्या गळ्यात दिली आणि ते खाली बसले. सापडलेले दोन मणी धुतले, उपरण्याच्या काठाचा दोरा ओढला, त्यात ते ओवून बाईंच्या गळ्यात बांधले. "आई, दोरा तुटला, माळ कुठं तुटली? घ्या पाणी." बाईंनी गोळी घेतली. बाकीचे मणी सासवडच्या मुक्कामी ओवले.

मागून चौकशी केली तेव्हा कळले, दोरा तीन वर्षांचा होता. नेम इतका कडक आणि दोऱ्याकडे कोणाचे लक्ष नाही! बाईंना बोल लावत नाही. माझ्याही माळेचा दोरा त्या रात्री दिव्यापुढे धरून पाहिला, तो तिच्याहून बरा नव्हता.

लाकडाच्या इतर दागिन्याला लोक सांगतात, अंघोळीला काढून ठेवा. आपल्याला ते चालत नाही. आपली माळ अंघोळीत, झोपेत, शेतात, चंद्रभागेच्या पाण्यात गळ्यातच असते. म्हणून तिची निगा वेगळी. तुळशीचे लाकूड पाणी पिते आणि फुगते; एकदम कडक उन्हात वाळले की तडकते. साबणाचा फेस मण्यांच्या भोकांत बसतो, तो साध्या पाण्याने पूर्ण निघू द्यावा, आणि माळ कोरड्या फडक्याने एकेक मणी धरून टिपावी. ओली माळ मानेवर तशीच राहिली तर खाज उठते, पुरळ येते. पावसाळी वारीत हे अनेकांना होते आणि बिचारे घामोळे समजून पावडर लावीत बसतात. ती पावडरही भोकांत जाते. अत्तराचा फवारा माळेवर मारू नये. मणी रुक्ष दिसू लागले तर तिळाच्या किंवा खोबरेल तेलाचा एक थेंब तळहातावर चोळून तो हात माळेवरून फिरवावा. एकच थेंब, जास्त तेलाला धूळ चिकटते. रोज अंगावर असलेली माळ काळसर, गुळगुळीत होते. ते मळणे नव्हे, ती घासून पांढरी करू नका.

दोरा सुती असेल तर घामाच्या खाराने आतून कुजतो, वरून दिसत नाही. आषाढी आणि कार्तिकी, वर्षातून दोनदा तो बदलावा. पंढरपुरात काशीकापडी समाजातील घरे पिढ्यान्‌पिढ्या तुळशीच्या माळा करीत आली आहेत. त्यांच्याकडून ओवून घ्यावी. लोखंडी तारेत गुंफलेली स्वस्त माळ घेऊ नये, ती घामाने गंजते आणि मणी डागाळतात. माळ घेतानाही डोळे उघडे ठेवा. तुळस हे झुडूप आहे, तिची काडी बोटाएवढी. मोठमोठे टपोरे मणी कवडीमोलाने मिळत असतील तर ते लाकूड तुळशीचे आहे काय, हे विचारायला लाजू नका. रंग दिलेला मणी ओल्या फडक्याने पुसला की फडकेच सांगते.

आता एक नाजूक गोष्ट. मळणीयंत्रापाशी, इंजिनाच्या पट्ट्यापाशी काम करताना माळ सदऱ्याच्या आत, गळ्यालगत असावी. आणि शस्त्रक्रियेच्या वेळी डॉक्टर माळ काढा म्हणतात, तेव्हा वाद घालू नका. पुष्कळ जण खाटेवर अडून बसतात आणि वेळ जातो. ज्याचा हात आपल्या हातात आहे त्या मुलाच्या, सुनेच्या गळ्यात ती द्यावी, शुद्धीवर आल्यावर परत घ्यावी. ही सवलत मी माझ्या पदरची देत नाही, आमच्या गुरूंनी त्यांच्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेच्या वेळी माळ माझ्याच हाती दिली होती, आणि तासाभराने पहिला शब्द विचारला तो, "ओली नाही ना झाली?"