पंधरा की पन्नास

अहमदपूर तालुक्यात एक गाव होतं. गावाच्या फाट्यावर उभं राहिलं की एका बाजूची एसटी लातूरला जायची, दुसऱ्या बाजूची नांदेडला. फाट्याजवळच्या एका घरात दोन भावंडं होती आणि दोघांनाही दवाखान्यात काम करायचं होतं. भाऊ लातूरच्या एसटीत बसला, बहीण नांदेडच्या.

भावाला डॉक्टर व्हायचं होतं. मराठवाड्यात ज्याला डॉक्टर व्हायचं असतं तो आधी लातूरला जातो, हे आता कुणाला सांगावं लागत नाही. शाहू आणि दयानंद या कॉलेजांनी बोर्डाच्या गुणवत्ता यादीत पोरं झळकवली, त्याला पुढे 'लातूर पॅटर्न' असं नाव पडलं आणि बोर्डाची जागा 'नीट' या प्रवेशपरीक्षेनं घेतल्यावरही ते नाव टिकलं. भाऊ ट्यूशन एरियात एका खोलीत तिघांबरोबर राहायचा, मेसमध्ये जेवायचा आणि भिंतीवर चिठ्ठ्या चिकटवायचा. एकेका चिठ्ठीवर एकेक शब्द. टॅकीकार्डिया, ब्रॅडीकार्डिया, नेफ्रायटिस, हिपॅटायटिस. गावच्या शाळेत तो वृक्क शिकला होता, घरी सगळे किडनी म्हणायचे, आता इथं त्याच अवयवाला रीनल आणि नेफ्रो अशी आणखी दोन नावं मिळाली. पोरगं हुशार होतं. त्यानं सगळी नावं पाठ केली.

परीक्षा १८० प्रश्नांची, ७२० गुणांची. त्यातले ९० प्रश्न नुसते जीवशास्त्राचे. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक कापला जातो. प्रत्येक प्रश्नाखाली चार पर्याय असतात आणि बरोबर शब्द त्या चारांत कुठंतरी बसलेलाच असतो. तो ओळखायचा आणि गोल काळा करायचा. भाऊ यात पटाईत झाला. पण दोन वर्षांत त्यातला एकही शब्द त्यानं कुणापुढे मोठ्यानं उच्चारला नव्हता. वर्गात शेकडो पोरं. सरांचं बोलणं माइकवर, वेगानं. "सर, पुन्हा सांगा" म्हणणाऱ्यावर मागच्या बाकांवरून हसू यायचं. भावानं पहिल्या महिन्यातच हात वर करणं सोडलं. ऐकू आलं नाही तर अंदाज बांधायचा. बहुतेक वेळा अंदाज बरोबर निघायचा, हीच त्यातली पंचाईत.

लातूर पॅटर्नला नावं ठेवणारे शहरांत पुष्कळ भेटतात. मी त्यांतला नाही. ज्या घरात कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं, अशा घरांतली किती पोरं या पॅटर्ननं डॉक्टर केली. पण कागदावरचा शब्द आणि खाटेपाशी कानावर पडलेला शब्द यांत फरक असतो, आणि खाटेपाशी चार पर्याय कुणी देत नाही.

बहिणीला बारावीला बेताचेच गुण होते. ती नांदेडला नर्सिंगला लागली. तिथं तिला निवृत्तीला आलेल्या एक बाई शिकवायला होत्या. वॉर्डातले सगळे त्यांना नुसतं 'सिस्टर' म्हणत, पोरी मात्र 'बाई' म्हणत. नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात माणूस कुठून येईल याचा नेम नाही. किनवट-माहूरच्या तांड्यावरची गोरमाटी बोलणारी म्हातारी, सीमेपलीकडून आलेला तेलुगू माणूस, दखनी बोलणारे चाचा, सचखंड गुरुद्वाऱ्याला आलेला पंजाबी यात्रेकरू. बाईंचा वर्ग याच गर्दीसाठी होता.

बाई शब्द शेपटीकडून शिकवत. शेवटी 'आयटिस' आलं की सूज. 'एक्टॉमी' आलं की काहीतरी काढून टाकलंय. 'स्टोमी' आलं की नवीन तोंड पाडलंय. मग फळ्यावर कोलेक्टॉमी आणि कोलॉस्टॉमी शेजारी शेजारी लिहीत आणि विचारत, "एकाचं आतडं काढलं, एकाच्या पोटावर आतड्याचं तोंड आणलं. तुम्ही दोघांच्या कागदांची अदलाबदल केली तर?" पोरी गप्प. शेपटी झाली की डोकं. 'हायपर' म्हणजे जास्त, 'हायपो' म्हणजे कमी. इथं बाईंचा एक कडक नियम होता. त्यांच्या वर्गात हे दोन शब्द एकटे बोलायला बंदी होती. "हायपो, कमी." "हायपर, जास्त." असं जोडीनंच म्हणायचं, आणि तेही मोठ्यानं. ज्या पोरीचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचत नसे, तिला बाई दारात उभं करून तिथून म्हणायला लावत.

दुसरा नियम याहून जाचक होता. डॉक्टरांनी तोंडी काही सांगितलं की ते जसंच्या तसं उलट त्यांना ऐकवायचं, आणि त्यांनी 'हो' म्हटल्याशिवाय हात हलवायचा नाही.

एक दिवस एका पोरीनं विचारलंच. "बाई, डॉक्टर चिडतात की. म्हणतात, एकदा सांगितलेलं कळत नाही का?"

बाईंनी खडू खाली ठेवला. मग त्यांनी १९९३ ची गोष्ट सांगितली.

तेव्हा त्या लातूरला नव्यानंच नोकरीला लागल्या होत्या. ३० सप्टेंबरला पहाटे, चार वाजायला काही मिनिटं कमी असताना किल्लारीची जमीन हलली. आदल्या रात्री गणपती बुडवून दमलेली माणसं दगडमातीच्या घरांत झोपली होती. जाड भिंतींची, माळवदाची घरं. तीच अंगावर आली. लातूरला तेव्हा सरकारी मेडिकल कॉलेज नव्हतं, ते २००२ साली झालं. होत्या त्या दवाखान्यांत खाटा पुरेनात, जखमी जमिनीवर निजवले, कितीतरी सोलापूरला धाडले. बाहेरगावचे डॉक्टर मिळेल त्या गाडीनं आले होते. कुणाला मराठी येत नव्हतं, कुणाचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. मांडीचं हाड मोडलेला एक शेतकरी ओरडत होता. एका अनोळखी डॉक्टरांनी पलीकडून इंग्रजीत मॉर्फिनचा आकडा सांगितला. बाईंना ऐकू आलं फिफ्टी. सिरिंज हातात होती.

"मी विचारलं, सर, किती? ते म्हणाले, सांगितलं ना. मी परत विचारलं. ते ओरडले. तोवर सगळे माझ्याकडं बघायलेत. मग मी मराठीत विचारलं, पंधरा की पन्नास? शेजारच्या डॉक्टरांनी त्यांना समजावून सांगितलं. तेव्हा ते म्हणाले, पंधरा."

वर्गात कुणी हललं नाही. पंधरा मिलिग्रॅमनं कळ थांबते आणि पन्नासनं श्वास थांबू शकतो, हे त्यांना त्याच आठवड्यात शिकवलं होतं.

"पोरींनो," बाई म्हणाल्या, "विचारलं तर फार तर बोलणी खावी लागतात. नाही विचारलं तर दुसऱ्याच्या जिवावर बेततं. अर्धा ऐकलेला शब्द आपल्या मनानं पुरा करायचा नाही. बस, एवढंच शिकलात तरी माझा पगार फिटला." आणि त्यांनी खडू उचलून पुन्हा शेपट्या लिहायला घेतल्या.

मार्गशीर्ष अमावस्या आली. लातूरकडं तिला येळवस म्हणतात. त्या दिवशी लातूर शहर ओस पडतं, क्लासही बंद असतात. सगळी माणसं शेतात. भाऊ लातूरहून आला, बहीण नांदेडहून. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी केली होती, आत पाच पांडव मांडले होते. भज्जी, उंडे, खीर, माठात आंबील. पण पूजा आणि नैवेद्य झाल्याशिवाय घरचं कुणी जेवत नाही, आणि त्या दिवशी पाहुण्यांची वाट बघता बघता पूजा लांबली.

आजोबांना, म्हणजे आबांना, मधुमेह होता. सकाळची गोळी त्यांनी रोजच्या वेळेला घेतली होती. एरवी गोळीमागोमाग भाकरी व्हायची, आज झाली नव्हती. वर दीड-दोन मैल चालत शेतात आलेले. ऊन डोक्यावर आलं तेव्हा आबा कोपीच्या कुडाला टेकून बसले आणि काहीबाही बोलू लागले. सुनेला त्यांनी आपल्या मेलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारली.

घरात डॉक्टर होऊ घातलेला पोरगा होता, तेव्हा सगळ्यांनी त्याच्याकडं पाहिलं. त्यानं अहमदपूरच्या डॉक्टरांना फोन लावला. रेंज येत-जात होती, पोरं ओरडत होती. डॉक्टर म्हणाले, "गोळी घेतलीय ना? मग हायप..." आणि फोन तुटला.

आता आबांची शुगर वाढते, हे घरात वर्षानुवर्षं ऐकलेलं. वाढली म्हणून गोळी, वाढली म्हणून चहा बिनसाखरेचा. भावाच्या कानानं जे ऐकलं नव्हतं ते त्याच्या मनानं पुरं केलं. तो म्हणाला, "हायपरग्लायसेमिया. शुगर वाढलीय. गोड काही देऊ नका. दुसरी गोळी हाय का?"

आजी खिरीची वाटी घेऊन निघाली होती, ती थबकली. एवढा लांब शब्द पोरानं न अडखळता म्हटला, त्यापुढं कोण बोलणार? आई पिशवीत गोळ्यांचं पाकीट शोधू लागली.

बहीण बांधावरून आंबिलीचा माठ घेऊन येत होती. तिनं माठ उतरवला, आबांचा हात धरला. हात थरथरत होता. पौषाच्या तोंडाची थंडी, वर वारं सुटलेलं, आणि आबांचा सदरा पाठीला चिकटला होता.

"डॉक्टर काय म्हणले?"

"हायपर."

"म्हणले, का तू ऐकलास?"

भाऊ गप्प झाला. मग म्हणाला, "रेंज गेली."

"परत लाव."

"अगं, ओपीडी चालू असंल. चिडतील."

"चिडू दे." तिनं आईच्या हातातलं पाकीट काढून घेतलं, "गूळ पाण्यात कालव, पण मी सांगेस्तोवर थांब," असं म्हणाली आणि फोन घेऊन विहिरीच्या कठड्यावर चढली. तिथं जरा रेंज यायची. फोन लागला. तिनं तो शब्दच वापरला नाही. "डॉक्टर, शुगर जास्त का कमी?"

"कमी! घाम फुटलाय का?"

"फुटलाय. हात कापतोय, बरळायलेत. म्हणजे शुगर कमी, गोड द्यायचं. बरोबर?"

"बरोबर. गिळता येतंय का बघ. येत असेल तर तीन चमचे साखर नाहीतर तेवढा गूळ, लगेच. पंधरा मिनिटांनी फरक नसेल तर परत तेवढंच. शुद्ध गेली तर तोंडात काही घालू नका, गाडी काढा. आणि सावरले की जेवण." मग जरा थांबून डॉक्टर म्हणाले, "मीटर जवळ नसलं, कळत नसलं, तरी गोडच द्यायचं असतं. थोडी वाढलेली शुगर दहा मिनिटांत काही करत नाही. उतरलेली करते."

आबा गुळाचं पाणी घोटाघोटानं प्याले. पंधरा मिनिटं व्हायच्या आत घाम ओसरला. त्यांनी पहिला प्रश्न केला तो पूजा झाली का, हा. कुणीच उत्तर दिलं नाही. आजीनं ताट वाढलं आणि आधी त्यांना जेवू घातलं.

संध्याकाळी परतताना भाऊ बहिणीला म्हणाला, "मला शब्द येत होता गं. दोन्ही येत होते."

"येत होते की. तुझ्याएवढे मला कुठं येतात?" ती म्हणाली. "पण ऐकलाच नव्हतास, तर येऊन काय करणार?"

मग तिनं त्याला पंधरा-पन्नासची गोष्ट सांगितली.

भाऊ लातूरला परतला. पुढच्या आठवड्यात वर्गात सर एका संप्रेरकाबद्दल बोलत होते आणि शब्दाचं डोकं त्याला नीट ऐकू आलं नाही. त्यानं हात वर केला. मागं हसू आलं. सरांनी माइक तोंडाजवळ घेऊन पुन्हा सांगितलं. वर्ग सुटल्यावर दोघं-तिघं त्याच्याजवळ आले आणि हळूच विचारू लागले, सर नेमकं काय म्हणाले रे? त्यानं सांगितलं, तेही मोठ्यानं, आणि तिघांकडूनही वदवून घेतलं. खोलीतल्या भिंतीवरच्या चिठ्ठ्या आता रात्री जेवणानंतर चौघं मिळून ओरडून वाचत. घरमालकीण एकदा विचारायला वर आली होती, भांडण चाललंय का म्हणून.

आजीनं मात्र यातलं सगळ्यात जास्त उचललं, असं मला वाटतं. तिला हायपर येत नव्हतं आणि हायपोही. पण अहमदपूरच्या मेडिकलवर आबांच्या गोळ्या घ्यायला ती स्वतः जाऊ लागली. तिथला पोरगा पाकिटं पिशवीत टाकू लागला की ती हात धरायची. "ही कवा? जेवायच्या आधी का जेवल्यावर? आन् उपास आसंल त्या दिवशी?" तो भराभर सांगायचा. ती म्हणायची, "आता मी सांगते, तू ऐक." मागची रांग कुरकुरायची. आजी सगळं म्हणून दाखवायची, त्यानं मान डोलावली की मगच पैसे काढायची.

पुढच्या येळवशीला शेतात पोचल्या पोचल्या तिनं पहिली भाकरी आबांच्या हातात दिली. कोपीत पूजेची मांडामांड अजून चालली होती. शेजारच्या शेतातली आईची जाऊ ते बघून म्हणाली, "आवं आत्या, पांडवांना निवद दाखवायच्या आधी?"

"दाखवू की," आजी म्हणाली. "पांडवांना काय शुगर हाय का?"