परभाषेतील सत्य

असत्य कोणत्या प्रसंगी क्षम्य मानावे, याचा खल आपल्या शास्त्रकारांनी पुष्कळ केला आहे. प्राणसंकट, विवाह, थट्टाविनोद असे काही प्रसंग त्यांनी सांगून ठेवले आहेत. परंतु त्यांच्या यादीत येणे शक्यच नव्हते असा एक प्रसंग गेल्या पावसाळ्यात पालघरनजीकच्या माहीम गावी आमच्यासमोर आला.

तेथे आमचे एक जुने स्नेही राहतात. त्यांची पानवेलींची वाडी आहे. त्यांच्या नातीने पदवी घेतली असून पुढील शिक्षणासाठी इंग्लंडास जाण्याचे योजिले आहे, आणि त्याकरिता आयईएलटीएस नावाची इंग्रजीची परीक्षा तिला द्यावयाची आहे. ओटीवर बसलो असता तिने आपली वही आमच्या हाती दिली व आपण पाठ केलेली उत्तरे ऐकावी, अशी विनंती केली. संस्मरणीय प्रवासाचे वर्णन तिने फार सफाईने केले. आईवडिलांसह पॅरिसला गेलो, तेथील चित्रे पाहून थक्क झालो, असा त्याचा आशय होता. हे कुटुंब पंढरपुरापलीकडे कधी गेले नाही, हे आम्हांस ठाऊक होते. आम्ही तसे म्हणताच ती हसून म्हणाली, ‘आजोबा, तिथे खरेखोटे कोणी पाहत नाही. भाषा तेवढी पाहतात.’

तिचे म्हणणे वस्तुस्थितीस धरूनच होते. या परीक्षेत श्रवण, वाचन, लेखन व संभाषण असे चार भाग असून ० पासून ९ पर्यंत श्रेणी मिळते. संभाषण ११ ते १४ मिनिटांचे असते; त्यात एका विषयावर १ मिनिट विचार करून २ मिनिटांपर्यंत बोलावयाचे असते. विषय आपल्या घराचे, गावाचे, आवडीनिवडीचे व अनुभवांचे. सांगितलेली हकीकत खरी की कल्पित, याला गुण नाहीत.

पूर्वी असे नव्हते. केंब्रिज विद्यापीठाने १९१३ साली परकीयांसाठी इंग्रजीची प्रावीण्यपरीक्षा प्रथम घेतली, तेव्हा ती १२ तास चालली; तीन उमेदवार बसले आणि तिघेही नापास झाले. तीत भाषांतर होते, व्याकरण होते, उच्चारशास्त्र होते. भाषांतर चुकू शकते, पण ते खोटे बोलू शकत नाही. पुढे परदेशी विद्यापीठांत जाणाऱ्यांची संख्या वाढली. १९६४ साली अमेरिकेची टोफेल परीक्षा व १९८९ साली प्रस्तुत परीक्षा सुरू झाली, आणि व्यवहारात भाषा कशी वापरता येते हे पाहण्याकडे कल झुकला. विद्यार्थ्यास त्याच्या स्वतःविषयी विचारू लागल्यापासूनच हा आमचा प्रश्न जन्मास आला, असे म्हणावयास हरकत नाही.

आता त्या मुलीचा पक्ष आधी नीट मांडला पाहिजे. असत्याचा दोष लागावयाचा, तर कोणी तरी फसले पाहिजे. येथे परीक्षक तिच्या प्रवासाची माहिती मिळविण्यास बसलेला नाही. नट रंगभूमीवर राजा होतो, त्यास आपण लबाड म्हणत नाही. आपले शास्त्रीपंडितदेखील स्वतःस अमान्य असलेला पूर्वपक्ष जोराने मांडीत, आणि त्यात त्यांचे पांडित्यच दिसे. या दृष्टीने पाहता पॅरिसची सहल हे पाप नव्हे, हे आम्ही मोकळेपणाने कबूल करतो. पाठ केलेले उत्तर ओळखण्यास परीक्षक शिकलेले असतात व तशा उत्तराने गुण घटतात, हेही खरे; पण तो व्यवहाराचा मुद्दा झाला. पकडले जाण्याची भीती म्हणजे नीती नव्हे.

मग आमच्या मनास खुपले ते काय? आम्ही तिला विचारले, ‘तू आपल्या वाडीविषयी का सांगत नाहीस?’ ती म्हणाली, ‘वाडीत सांगण्यासारखे काय आहे?’ हे उत्तर मात्र तिने पाठ केलेले नव्हते. परीक्षकास सांगावयाचे असत्य निरुपद्रवी होते. स्वतःस सांगून ठेवलेले असत्य तसे नव्हते. आपले जगणे त्या भाषेत नेण्याच्या लायकीचे नाही, ही तिची समजूत पॅरिसच्या वर्णनाखाली दडलेली होती.

या ठिकाणी आनंदीबाई जोशी यांची आठवण होते. १८८३ साली अमेरिकेस निघण्यापूर्वी त्यांनी श्रीरामपूर येथे भरसभेत इंग्रजीत भाषण करून आपण का जातो हे सांगितले. तेव्हा त्यांना अठरा वर्षेही पुरी झाली नव्हती. १८८६ साली फिलाडेल्फियाच्या महाविद्यालयात त्यांनी पदवी घेतली, आणि पदवीसाठी जो प्रबंध लिहिला, त्याचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. परक्या भाषेत त्यांनी स्वतःच्या घरचे सांगितले. परभाषेवरील प्रभुत्व म्हणतात ते याहून निराळे काय असते?

तरीही हा उपदेश आम्हांस स्वस्त पडतो, हे विसरून चालणार नाही. आमच्या स्नेह्यांच्या घरी कर्जाची बोलणी चालू आहेत. अर्ध्या श्रेणीने प्रवेश हुकला, तर फी पुन्हा भरावी लागते, वर्ष हातचे जाते. आणि मिळालेली श्रेणीही साधारणतः दोनच वर्षे ग्राह्य धरतात. खरे बोलल्याने गुण वाढतील, असे आश्वासन आम्ही देऊ शकत नाही. पॅरिसचे शब्द पुस्तकात तयार मिळतात, वाडीचे स्वतः शोधावे लागतात. शोधताना अडखळल्यास गुण कमीही होतील. शिवाय पाठांतराशी आमचे वैर नाही. वाक्यरचना, शब्द, उच्चार हे सारे खुशाल घोकावे. पाठांतरावाचून कोणती भाषा कोणास आली आहे? उसने आणू नये ते एवढेच : आपले आयुष्य.

आमच्या आग्रहाखातर तिने एकदा प्रयत्न केला. वेल उंच गेली म्हणजे ती खाली उतरवितात, हे ती इंग्रजीत सांगू लागली. ‘उतरण’ या शब्दाला प्रतिशब्द सापडेना, तेव्हा तिने साध्या शब्दांत कृतीच सांगितली. वेल सोडवून खाली घ्यावयाची, खालचा भाग मातीत पुरावयाचा व शेंडा पुन्हा बांधावयाचा. तीन वेळा ती थांबली. आतून आजोबांनी विचारले, ‘काय सांगते आहेस?’ तिने मराठीत सांगितले. ते बाहेर येऊन म्हणाले, ‘अगं, पुरण्याआधी वेटोळे करावे लागते, ते राहिले.’ तिने वहीत तेवढे वाक्य वाढविले.

ज्या गृहस्थास इंग्रजीचा गंधही नाही, त्याने इंग्रजी उत्तरातील चूक दुरुस्त केली. पॅरिसच्या उत्तरात त्यांना दुरुस्त करण्यासारखे काहीच नव्हते. परीक्षा अद्याप व्हावयाची आहे, आणि ती कोणते उत्तर देईल हे तिचे तिने ठरवावयाचे आहे. परदेशी गेल्यावर मात्र तिला दररोज कोणी ना कोणी विचारील, की तू कोठली. आणि त्या प्रश्नाला गुण नसतात, श्रेणी नसते, दोन वर्षांची मुदतही नसते.