आडोशाचे ऋण

स्पर्धा आणि सहकार्य ही दोन तत्त्वे परस्परविरोधी आहेत, असे आपण बहुधा गृहीत धरून चालतो. बाजारात स्पर्धा, घरात सहकार्य. परीक्षेच्या दालनात स्पर्धा, पंक्तीच्या वाढपात सहकार्य, अशी एकदा वाटणी करून टाकली की नीतिविचार सोपा होतो. परंतु मनुष्याचे काही व्यवसाय असे आहेत की, त्यांत ही वाटणी टिकत नाही. ज्यास हरवावयाचे त्याच्याच पाठीचा आधार तेथे घ्यावा लागतो. ‘क्रायटेरियम’ नावाची सायकलींची शर्यत ही अशांपैकीच एक होय. खेळ म्हणून ती क्षुल्लक वाटेल. पण तिच्यात दडलेला प्रश्न क्षुल्लक नाही.

या शर्यतीचे स्वरूप थोडक्यात असे. गावातील काही रस्ते रहदारीस बंद करून त्यांचे एक लहानसे वर्तुळ आखतात. त्याची लांबी सामान्यतः 800 मीटरपासून 5 किलोमीटरपर्यंत असते. त्यावर सर्व स्वार एकदमच सुटतात आणि ठरलेल्या फेऱ्या, अथवा ठरलेला वेळ व त्यावर काही फेऱ्या, पुऱ्या करतात. मधूनच एखाद्या फेरीसाठी वेगळे बक्षीस लावलेले असते. अखेरच्या फेरीस घंटा वाजते आणि जो प्रथम रेषा ओलांडील तो जिंकतो. मागे फार रेंगाळणारास पंच बाहेर काढतात. नियम एवढेच असते तर ही शक्तीची साधी परीक्षा ठरली असती. परंतु येथे वारा मध्ये येतो.

सपाट रस्त्यावर ताशी 40 किलोमीटरच्या वेगाने जाणाऱ्या स्वाराचे बहुतेक बळ वाऱ्याशी झगडण्यातच खर्च होते. वेग वाढला की वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि त्यास तोंड देण्यास लागणारी शक्ती तर घनाच्या प्रमाणात. मात्र पुढच्याच्या चाकामागे वीतभर अंतरावर राहणारास त्याच्या देहाचा आडोसा मिळतो, आणि त्याचे श्रम पाव हिश्शाने, कधी त्याहूनही अधिक, वाचतात. तात्पर्य, जो पुढे जातो तो दुसऱ्यासाठीही झिजतो, आणि जो मागे राहतो तो दुसऱ्याच्या श्रमावर ताजा राहतो. आता समजा, एक स्वार एकदाही पुढे न येता तासभर आडोशात बसला, आणि शेवटच्या 200 मीटरांत मुसंडी मारून जिंकला. पंच त्यास विजयी ठरवतील. पण त्याचा विजय न्याय्य म्हणावा काय? की आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच?

या स्वाराचा कैवार घेणारे म्हणतील की, पुढे जाणारास कोणी आमंत्रण दिले नव्हते. तो स्वतःच्या हेतूने पुढे गेला. त्याच्या पाठीमागे निर्माण झालेला आडोसा ही त्याची मालमत्ता नव्हे. दिवा ज्याने लावला त्याच्या प्रकाशात वाचणारास आपण चोर म्हणत नाही. शिवाय मागे राहणारासही काही किंमत मोजावीच लागते. वळणावर पुढचे स्वार सफाईने निघून जातात. मागच्यांस मात्र वेग आवरावा लागतो आणि वळण संपताच तुटलेले अंतर भरून काढण्यासाठी पुन्हा जोर लावावा लागतो. प्रत्येक फेरीत चार वळणे आणि अशा चाळीस फेऱ्या असल्या, म्हणजे 160 वेळा ही पट्टी भरावी लागते. हे म्हणणे आम्हांस बरेचसे मान्य आहे. मोठ्या जथ्यात कोणी कोणास वचन दिलेले नसते; तेथे आडोसा हा गावच्या पाणवठ्यासारखा सर्वांचा असतो.

परंतु त्याच जथ्यातून चार स्वार फुटून पुढे निघाले की, नीतीचे चित्र पालटते. या चौघांस मागच्या पन्नासांपासून निसटावयाचे असेल तर आळीपाळीने वारा अंगावर घेण्यावाचून गत्यंतर नाही. प्रत्येकास ठाऊक असते की, घंटा वाजल्यावर आपण एकमेकांचे वैरी होणार. तरी तोपर्यंत ते भावांप्रमाणे राबतात. येथे एक करार झालेला असतो. तो कागदावर नसतो, तोंडीही नसतो; कोपराच्या एका इशाऱ्याने होतो. फ्रेंच तत्त्वज्ञ रूसो याने विषमतेवरील आपल्या 1755 सालच्या ग्रंथात हरणाच्या शिकारीस एकत्र निघालेल्या रानटी माणसांचा दाखला दिला आहे. जवळून ससा गेला की त्यांतला एक आपली जागा सोडतो आणि सर्वांचे हरीण जाते. आपली पाळी चुकवणारा चौथा स्वार त्याहूनही एक पाऊल पुढे जातो. कारण त्यास ससा नको असतो, इतरांनी राबून आणलेले हरीणच हवे असते.

तरीही त्याचा दोष नेमका कशात आहे, हे पाहिले पाहिजे. त्याचा सोबती मागच्या जथ्यात असेल आणि त्यामुळे तो पुढे येण्याचे नाकारीत असेल, तर त्यास कोणी दोष देत नाही. सर्वांस त्याची स्थिती ठाऊक असते व जो तो आपले धोरण त्याप्रमाणे आखतो. म्हणजे न राबणे हा दोष नव्हे. राबणार असा भरवसा उत्पन्न करून न राबणे, हा दोष होय. आपले बळ झाकून ठेवणे हे बुद्धिबळातील डाव मनात ठेवण्यासारखे आहे; पण थकल्याचे सोंग आणून सोबत्यांच्या दयेवर पाळी टाळणे ही त्या दयेची चोरी आहे. पहिल्यात प्रतिस्पर्ध्याच्या तर्काशी झुंज असते, दुसऱ्यात त्याच्या चांगुलपणाचा बळी असतो.

दुर्दैवाविषयी या शर्यतीचा एक नियम विचार करण्याजोगा आहे. चाक पंक्चर झाले अथवा स्वार पडला, तर त्यास सहसा एक फेरी माफ होते. सायकल दुरुस्त करून तो आपल्या मूळच्या जागी पुन्हा सामील होतो. मात्र स्वतःच्या निष्काळजीपणाने एखादा भाग सैल राहून निखळला, तर अमेरिकेतील नियमाप्रमाणे ही सवलत नाही. आणि अखेरच्या काही फेऱ्यांत ती कोणासच नाही. कर्णाच्या रथाचे चाक रुतले तेव्हा त्यानेही अशीच एक फेरी मागितली होती. कृष्णाने त्यास त्याचे पूर्वीचे वर्तन विचारले. शर्यतीचे पंच पूर्वीचे वर्तन विचारीत नाहीत, केवळ चाक पाहतात. आम्हांस वाटते, खेळाचे मोठेपण येथेच आहे. युद्धात प्रतिस्पर्ध्याचे दुर्दैव ही आपली संधी असते. खेळात दुर्दैवाने मिळालेला विजय खऱ्या विजयात धरावयाचा नाही, असे सर्वांनी आधीच ठरवलेले असते. शेवटच्या फेऱ्यांत मात्र खेळासही हा न्याय परवडत नाही, हे त्याने मोकळेपणी कबूल केले आहे.

अमेरिकेतील न्यू जर्सी संस्थानात सोमरव्हिल गावी 1940 साली तेथील एका सायकल-दुकानदाराने, फ्रेड कुग्लर याने, अशी शर्यत सुरू केली. पहिली दोन वर्षे त्याचा मुलगा फर्मन कुग्लर जिंकला. 1942 साली कार्ल अँडरसन जिंकला. दुसऱ्या महायुद्धात दोघेही मारले गेले. युद्धानंतर शर्यत पुन्हा भरू लागली, ती या दोघांच्या जोडनावाने. ज्यांची नावे विजेत्यांच्या यादीत एकाखाली एक लिहिली गेली होती, ती स्मारकात शेजारी शेजारी आली. यावरून नीतिपाठ काढण्याचा मोह आम्ही टाळतो. पण प्रतिस्पर्धी म्हणजे शत्रू नव्हे, हे त्या गावाने ग्रंथ न लिहिता सांगितले, एवढे म्हणावयास हरकत नाही.

आता मूळ प्रश्न. आडोशात बसून जिंकणारा आमच्या मते चोर नव्हे. पण तो ऋणी आहे. आपल्या परंपरेने ऋषिऋण व पितृऋण मानले, आणि त्यांची फेड मूळ धनकोस करावयाची नसते, हेही सांगितले. ऋषींचे ऋण अध्ययनाने फिटते, पितरांचे संततीने. ज्याने आज वारा अंगावर घेतला त्यास तो परत करता येत नाही. पुढच्या शर्यतीत दुसऱ्या कोणा नवख्यास आडोसा द्यावा, वळणावर आपली रेषा सोडू नये, खड्डा दिसताच हात करून मागच्यास सांगावे, हीच ती फेड. हौशी स्वाराचे पोट या शर्यतीवर चालत नाही, म्हणून ती चुकवण्यास त्यास सबबही उरत नाही. आपणही कोणा ना कोणाच्या आडोशानेच येथवर आलो आहोत. त्याचे ओझे मानण्याचे कारण नाही. मात्र पाळी आली की पुढे सरकून वारा छातीवर घेण्याची तयारी असावी.